आजचा दाणा

"रोज आठवणीनं काहीतरी पाठवतो म्हणता ना? मग आईचं ऑपरेशन म्हटल्यावर यायला त्याला काय धाड भरलीय?"

आत्यानं विचारलं आणि टेबलाभोवतीचे सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. अप्पांच्या या थोरल्या बहिणीची रीतच तशी होती. बाकीचे जे मनात दाबून जेवत असायचे ते ती सरळ बोलून मोकळी व्हायची, आणि वर पाणी मागायची. थोरल्या मुलाच्या बायकोनं, वहिनीनं, पाणी दिलं.

"त्याला कळलंच नसेल, आत्या," मधली मुलगी म्हणाली. "कळवणार कसं? नंबर बदललाय, पत्ता कुणाकडे नाही."

"ज्या वाटेनं ते रोजचं येतं, त्याच वाटेनं निरोप धाडा की. तूही त्याच धंद्यातली ना? का नुसतीच दिवसभर लॅपटॉपपुढं बसतेस?"

उद्या सकाळी आईच्या हृदयातली झडप बदलायची होती. काळजी करू नका असं डॉक्टरांनी अशा आवाजात सांगितलं होतं की तेव्हापासून घरात कुणी धड झोपलं नव्हतं. म्हणून आज सगळे अप्पांच्या ट्रकच्या यार्डावरच्या या खोल्यांमध्ये जमले होते. खाली सुट्टीच्या दिवसाचे ट्रक नाकाला नाक लावून उभे होते आणि पत्र्यावर ऊन तडतडत होतं. धाकट्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. वहिनी त्या खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवायची आणि पाहुणे आले की उचलायची, पण ती खुर्ची टेबलाशी कुणी ओढत नसे.

"तो बरा आहे, वन्सं," आई म्हणाली. तिच्यापुढचं ताट जवळजवळ तसंच होतं. "आजचा दाणा आला सकाळी."

या घरात दाणा म्हणजे काय हे आता आत्यालाही ठाऊक होतं. आजोबांच्या काळापासून इथली पद्धत अशी, की ट्रक मुक्कामी पोचला की ड्रायव्हरनं यार्डात फोन लावायचा, एक रिंग होऊ द्यायची आणि उचलायच्या आत कापायचा. पोचलो. खर्च काही नाही आणि घरच्यांचा जीव भांड्यात. पुढं मुलं शिकायला, कामाला बाहेर पडली तेव्हा त्यांनीही तेच केलं. धाकटा घर सोडून गेला तेव्हा मात्र रिंग आली नाही. आई कितीतरी दिवस फोन पदराला बांधल्यासारखी जवळ घेऊन फिरली. मग एका सकाळी तिच्या फोनवरच्या वॉलेटमध्ये, जे धाकट्यानंच कधीतरी हौसेनं घालून दिलं होतं, एक नाणं येऊन पडलं. डिजिटल पैशांच्या नेटवर्कवरचं सगळ्यात बारीक नाणं. त्यात काडेपेटीतली एक काडी आली नसती. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. आईनं त्याचं नाव दाणा ठेवलं, आणि तेव्हापासून दोन वर्षं तिची सकाळ दाण्यानं व्हायला लागली.

ती नुसती घेऊन गप्प बसली नव्हती. मधलीकडून तिनं परत पाठवायचं शिकून घेतलं होतं. दाणा आला की चष्मा लावायचा, एक बोट ताठ करायचं आणि जिथून आला तिथंच तो परत धाडायचा. पोचलास, कळलं.

"पण तो मनाचा राजा," आई पुढं म्हणाली. "बोलवल्याशिवाय यायचा नाही. बोलवा त्याला. डोळे मिटायच्या आत एकदा बघू दे मला, मग खुशाल काय ते कापाकापी करू देत."

"डोळे मिटायचं काय बोलतेस गं," अप्पा म्हणाले.

"भूल देतात तेव्हा मिटावेच लागतात." आईनं फोन मधलीपुढं सरकवला. "यातून काय ते लिही. मी जरा पडते." ती उठली. वहिनी तिला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

मधलीनं आईचा फोन हातात घेतला. इतक्या दिवसांत तिनं तो कधी असा उघडून पाहिला नव्हता. आई आणि धाकट्याच्या मधल्या त्या दाण्यात आपण नाक खुपसू नये, असं ती स्वतःला सांगायची. पण त्याखाली एक साधा रुसवा होता. त्यानं आईला दाणा पाठवला, तिला पाठवला नाही. लहानपणी खाली उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून दोघांनी मिळून पहिला प्रोग्रॅम लिहिला होता. तो पुढं, ती मागं, लॅपटॉप स्टिअरिंगवर टेकवलेला. तिच्या आयुष्यात त्यानंतर इतका मजेचा सहकारी कुणी आला नाही.

तो गेला त्याचं कारणही प्रोग्रॅमच होतं. अप्पांच्या मागं लागून लागून त्यानं ड्रायव्हरांची मजुरी ब्लॉकचेनवरून द्यायचं ठरवलं होतं. फेरी संपली की पैसे थेट ड्रायव्हरच्या फोनवर, मध्ये बँक नाही, कारकून नाही. कल्पना सोन्यासारखी होती. पण त्यानं धरलेलं नेटवर्क जुनं आणि गर्दीचं होतं. नेमकं पहिल्याच दिवशी ते तुंबलं, पाठवायची फी मजुरीच्या वर गेली, आणि दिवसभर राबलेली माणसं यार्डात हात चोळत उभी राहिली. अप्पांनी त्या सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुझ्या भरवशावर मी पंक्चरलेली सायकलसुद्धा रस्त्यावर सोडणार नाही." धाकटा नुसता मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची खोली रिकामी होती.

आईला पहिला दाणा आला तो एका नव्या नेटवर्कवरून. पापणी लवायच्या आत पोचणारं, फी असून नसल्यासारखी, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत कुणीही वापरावं असं. हा आता यावर काम करत असणार, हे मधलीनं तेव्हाच ओळखलं. सहा महिन्यांत तिनं आपली नोकरी बदलली आणि त्याच नेटवर्कवर दुकानदारांसाठी ॲप करणाऱ्या कंपनीत लागली. कुणी विचारलं तर ती पगाराचं कारण सांगायची. खरं कारण असं, की तिथं जगभरचे प्रोग्रॅमर एकमेकांचं काम बघतात, आणि कधीतरी कुणाच्या तरी कोडमध्ये भावाची लिहायची ढब दिसेल अशी तिला वेडी आशा होती.

"निघतंय का काही?" थोरल्यानं विचारलं. आता यार्ड तो बघत असे.

"बघते. तो दाणा कुठल्या खात्यावरून येतो ते आधी बघते."

तिनं लॅपटॉप उघडला. या नेटवर्कवरचे व्यवहार कुणालाही बघता येतात. आईचं खातं उघडल्यावर दाण्यांची रांग पडद्यावर आली. मधली ती वरून खाली वाचत गेली. पहिल्यांदा तिला काही वाटलं नाही. मग तिचं बोट थांबलं. दाणा रोज सकाळी सातला यायचा. सातच्या सुमाराला नाही, सातला, एका सेकंदानंसुद्धा न चुकता. पावसाळ्यात, थंडीत, सुट्टीच्या दिवशी, तोच सेकंद.

माणसाचा हात असा नसतो. माणूस उशिरा उठतो, विसरतो, तापानं पडतो. धाकटा तर शाळेलासुद्धा कधी वेळेवर गेला नव्हता.

तिनं खातं उघडलं. ते कुणा माणसाचं खातं नव्हतंच. तो एक छोटासा प्रोग्रॅम होता, आणि त्याचं कोडही कुणालाही वाचता यावं असं ठेवलेलं होतं. सगळ्यात वर, जिथं शहाणी माणसं प्रोग्रॅमचा उद्देश लिहितात, तिथं लिहिलं होतं: पोचलो म्हणून कळवणे. रोज. विसरायचं नाही, गाढवा.

ती त्याची ढब होती. इतके महिने शोधत होती ती तिला आत्ता, जेवणाच्या टेबलावर सापडली, आणि आनंद व्हायच्या आधीच तिनं त्याचं स्वतःचं खातं उघडून बघितलं.

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

मधलीनं आतल्या खोलीकडं बघितलं. वहिनी दार ओढून बाहेर येत होती.

"दाणा तो पाठवत नाही," मधली हळू आवाजात म्हणाली. "त्यानं एक प्रोग्रॅम लावून ठेवलाय. तो आपोआप पाठवतो. दोन वर्षांपूर्वी लावला, थोडे पैसे त्यात टाकले, आणि त्यानंतर त्याच्या स्वतःच्या खात्यावरून काही म्हणजे काही हललेलं नाही."

"म्हणजे?" आत्या म्हणाली. "नीट सांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"हे नेटवर्क म्हणजे एक मोठी नोंद आहे, आत्या. हजारो मशीनवर एकाच वेळी ठेवलेली. मालक कुणी नाही, बघू सगळे शकतात, आणि एकदा लिहिलं की पुसता येत नाही."

"आमच्या गल्लीसारखं. पुढं?"

"त्यात त्यानं सांगून ठेवलंय, की रोज सकाळी आईला एक नाणं दे. ते देत राहतं. त्याला आता धाकट्याची गरज नाही. तो झोपलेला असो, आजारी असो," ती थांबली, "कसाही असो."

खाली यार्डात कुत्रं एकदा भुंकलं.

"पैसे कधी संपतील?" थोरल्यानं विचारलं. तो नेहमी आधी डिझेलचं विचारायचा.

"ते संपणारच नाहीत, दादा. फी इतकी कमी आहे की त्या चिमूटभर पैशांत आपण सगळे म्हातारे होऊन जाऊ. आणि आई रोज जे परत पाठवते ते धाकट्याला जात नाही. जिथून आलं तिथंच जातं. त्या प्रोग्रॅमलाच. मग तो सकाळी तेच परत आईला देतो."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. ते टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटानं एका बाजूला नेत राहिले.

"आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये," थोरला म्हणाला. "उद्या सातला दाणा येईल. ती बघेल, खुश होईल, आणि खुशीत ऑपरेशनला जाईल. झालं. पुढचं पुढं."

"बरोबर बोलतोय तो," आत्या म्हणाली. "आजारी बाईला कशाला हवाय नसता ताप."

"आणि भूल उतरल्यावर तिनं विचारलं, का आला नाही, तर?" वहिनी म्हणाली. एरवी सासरच्या बैठकीत ती बोलत नसे. "तेव्हा काय सांगणार? की आम्हाला आदल्या दिवशीच ठाऊक होतं?"

"तू मध्ये पडू नकोस," थोरला तिला म्हणाला.

"मी रोज सकाळी त्यांच्याजवळ असते. दाणा आल्यावर त्या कशा दिसतात ते मी बघते, तुम्ही नाही. त्यांना असं फसवायचं माझ्याच्यानं होणार नाही."

थोरल्यानं खुर्ची मागं ढकलली. "फसवायचं! मी फसवतोय! तो निघून गेला, एक मशीन लावून मोकळा झाला, आणि या घरात दोन वर्षं त्याचे गोडवे. मी रोज समोर असतो. रोज तिची औषधं आणतो, डॉक्टरकडे नेतो, खाली हे सगळं ओढतो. माझा दाणा कुणी मोजलाय कधी?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. मधलीनं त्याच्याकडं बघितलं. हा भाऊ तिला कधी आवडता वाटला नव्हता. तो नेहमी असायचाच, आणि असणाऱ्याची आठवण कुणाला येत नाही. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण त्या घरात अशी सवय नव्हती.

"बस," अप्पा म्हणाले. थोरला बसला.

"ते मशीन बंद कोण करू शकतं?" अप्पांनी मधलीला विचारलं.

"फक्त तोच. त्याच्या किल्लीनंच, म्हणजे त्याच्याकडच्या गुप्त पासवर्डनं, ते बंद होतं. दुसऱ्या कुणाला नाही येत, त्या नेटवर्कवाल्यांनासुद्धा नाही."

"नक्की?"

"नक्की, अप्पा."

"मग त्याला लिही, की वाचलंस तर उद्याचा दाणा पाठवू नकोस."

मधलीला आधी काही समजलं नाही.

"गाडी उतारावर सोडून दिली तरी चालत राहते," अप्पा म्हणाले. "ती चालतेय म्हणून आत ड्रायव्हर आहे असं होत नाही. पण थांबली, तर कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवलाय. तो आता बोलेल की नाही मला ठाऊक नाही. माझाच मुलगा आहे, ताठ असणार. पण मशीन बंद करायला बोलावं लागत नाही."

आत्या भावाकडं बघतच राहिली. "आणि दाणा आलाच तर?"

"तर आपल्याला कळेल."

"आणि तिला? तिला दाणा आला तर आनंद, नाही आला तर धसका. तुझं सगळं तिच्या उलटं आहे, अरे बाबा!"

"म्हणून तिला सांगायला हवं," अप्पा म्हणाले आणि उठले. थोरला काहीतरी म्हणणार होता, पण आत्यानंच त्याचा दंड धरला. "राहू दे," ती म्हणाली. "बायको त्याची आहे."

मधली त्यांच्या मागोमाग गेली आणि दारातच थांबली. आई पडलेली होती, पण जागी होती. अप्पा पलंगाच्या कडेला बसले. त्यांना गोड बोलता येत नसे. इंजिनात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी तिला सगळं क्रमानं सांगितलं, काही न गाळता. आई छताकडं बघत ऐकत होती.

"म्हणजे मी रोज पाठवायचे ते?" तिनं शेवटी विचारलं.

"ते त्या मशीनलाच."

"आणि तेच सकाळी परत यायचं."

"हो."

मधलीला वाटलं, आता रडेल.

"पाठवताना रोज विचारायचे मी त्याला," आई म्हणाली. "मोठ्यानं. जेवलास का म्हणून." मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मशीन भरल्या पोटी राहिलं असेल दोन वर्षं."

अप्पांना हसू आलं नाही. त्यांनी तिचा हात धरला, आणि दारात मुलगी उभी आहे हे ठाऊक असूनही तो सोडला नाही.

"त्याला काय लिहिताय?" आईनं विचारलं.

"तुझं ऑपरेशन कधी, कुठं आहे ते. वाचलंस तर उद्याचा दाणा थांबव. आणि ये."

"बास?"

"आणखी काय?"

"माझ्यासाठी तो कुठूनही येईल. आला तर माझ्यासाठी येईल, मला बघेल आणि पुन्हा जाईल. तुमच्यासाठी त्यानं यावं असं त्यात काय आहे?"

बाहेर कुणीतरी ताटं गोळा करत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मला लिहिता येत नाही असलं," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा. पोरगी लिहील."

मधली आत येऊन आईच्या फोनवर टाइप करायला बसली. नाण्याबरोबर चार ओळींचा मजकूर जातो, त्याहून जास्त मावत नाही, असं तिनं सांगितलं. अप्पांना त्यातल्या तीन ओळी भराभर सुचल्या. चौथीला त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"लिही," ते म्हणाले. "यार्डात सगळ्यांसमोर तुला बोललो, ते चुकलं."

"कुणाकडून असं लिहू?"

"त्याला कळेल."

या वेळी मधलीनं दाणा मशीनकडं जाऊ दिला नाही. तो प्रोग्रॅम ज्या खात्यातून सुरू झाला होता ते धाकट्याचं स्वतःचं खातं तिनं शोधलं होतं. फोन तिनं आईपुढं धरला. आईनं चष्मा लावला, बोट ताठ केलं आणि दाबलं.

"गेलं?" अप्पांनी विचारलं.

"पोचलंसुद्धा."

"एवढ्यात?"

"हो."

"आणि फी?"

"नसल्यासारखीच."

अप्पा फोनच्या काळ्या पडद्याकडं बघत होते. "तो तेव्हा सांगायचा मला," ते म्हणाले, "की अप्पा, हे जुनं आहे, याच्याहून चांगलं येतंय, थोडं थांबा. मी थांबलो असतो तर?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि तिला एकदम आपला भाऊ इतका हवासा वाटला की तिनं उठून खिडकीचा पडदा उगीचच नीट केला.

सकाळी दवाखान्याच्या खोलीत सगळे होते. इतक्या माणसांना आत सोडत नाहीत, पण आत्यानं दारावरच्या माणसाशी काय बोलणं केलं कुणास ठाऊक, त्यानं सगळ्यांना सोडलं आणि वर एक खुर्चीही आणून दिली. आई हिरव्या कपड्यांत उशांना टेकून बसली होती. फोन तिच्या मांडीवर उघडा होता.

दोन वर्षं ती ज्याची वाट बघायची, ते आज येऊ नये म्हणून सगळे बसले होते. थोरल्यानं थर्मासमधून चहा ओतला आणि तो कुणीच प्यायलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सातकडं आला तशी वहिनीनं डोळे मिटले. मधलीला फोनकडं बघवेना. ती आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली, कारण जे होईल ते आधी तिथंच दिसणार होतं.

सात वाजले. वाजून गेले.

आईनं फोन उचलून डोळ्यांजवळ नेला, हलवला, पुन्हा मांडीवर ठेवला. "नाही आला," ती म्हणाली.

"इथं रेंजच नसेल," थोरला म्हणाला. "दवाखान्यात कुठं असते रेंज? किंवा ते नेटवर्कच बंद पडलं असेल, त्या वेळेसारखं. उगीच आशेला लावू नका तिला."

मधलीनं लॅपटॉप आधीच उघडून ठेवला होता. नेटवर्क वाहत होतं. जगभरच्या माणसांचे बारीकसारीक व्यवहार एकामागून एक धावत होते, कुणी चहाचे पैसे देत होतं, कुणी घरी पाठवत होतं. तिनं प्रोग्रॅमचं पान उघडलं. घाईत दोनदा चुकीचं उघडलं.

"बंद केलाय," ती म्हणाली.

"कुणी?"

"त्यानं. त्याच्या किल्लीनं, आज पहाटे. अप्पा, तो आहे. वाचलंय त्यानं."

आत्या मटकन त्या खुर्चीत बसली. वहिनी रडायला लागली. अप्पा भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अप्पा. काहीच नाही."

"येतो म्हणून?"

"नाही."

"नसू दे," आई म्हणाली. "आहे ना तो. आज उठून बसला, हातानं काहीतरी केलंन त्यानं. पुरे झालं मला." असं म्हणताना तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पुरे झालं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. ती दाराकडं बघत होती.

थोरल्यानं चहाचा पेला खिडकीत ठेवला आणि गाडीची किल्ली खिशात चाचपली. "मी खाली फाटकापाशी उभा राहतो," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "त्याला हा वॉर्ड सापडायचा नाही. शाळेतसुद्धा वर्ग शोधत फिरायचा." आईनं त्याला जवळ बोलावलं. तो वाकला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. तो डोळे पुसतच बाहेर पडला.

इतक्यात नर्स आली. तिनं आईच्या हातातल्या बांगड्या उतरवून मधलीकडं दिल्या, चष्मा काढून घेतला, फोन मागितला. आईनं तो निमूट दिला. नर्सनं तिच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं.

"आजी, काय हो? बाकीचे इथून रडत जातात, तुम्ही रडताय पण आणि हसताय पण. कुणाची चांगली बातमी आली वाटतं?"

"हो," आई म्हणाली. "माझ्या धाकट्याचं आज काही आलं नाही."